दयारामच्या दुकानापासून डावीकडे

माझ्या आवाजाला आजवर कुणी चांगलं म्हटलेलं नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर पस्तीस वर्षं मी डब्यांचे नंबर ओरडून सांगितले, त्यामुळे घरात मी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं पांढरीपांड्यांकडे भांडण सुरू झालं. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीला रायपूरच्या पुरानी बस्तीसाठी 'अस्सल स्थानिक मराठी आवाज' पाहिजे आहे, आणि त्या कंपनीचं काम करणाऱ्या आमच्या पोरीने, शर्मिष्ठेने, त्यासाठी माझं नाव दिलं आहे, हे ऐकून माझी बायको इंदू इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

प्रकार असा होता. कानात हेडफोनची ती दोन बोंडं खुपसायची आणि चालायला लागायचं. मोबाइल सांगणार, आता थांबा, आता वर बघा, आता डावीकडे वळा. मधेमधे इतिहास. सोबत गाइड नाही, घाई नाही, कुणाला काही विचारायचं नाही. कंपनीने अशी चाळीस गावं केली होती. नागपूरकर भोसल्यांचं राज्य एकेकाळी इथवर होतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि महाराष्ट्रातून लोक आता मोटारी घेऊन इकडे येतात हेही, म्हणून मराठीत रायपूर. भोसल्यांनी इथे येऊन काय दिवे लावले याबद्दल इथल्या लोकांचं मत वेगळं आहे, पण ते इतिहासाला मिळालेल्या सहा मिनिटांत बसत नव्हतं.

मला विचाराल तर गाव बघायला जाऊन गावाशी न बोलणं म्हणजे लग्नाला जाताना घरून डबा नेणं. मी तसं म्हटलंही. शर्मिष्ठा म्हणाली, "बाबा, लोगों को यही पसंद है।" ती मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. मी मराठीत रागावतो, ती हिंदीत ऐकत नाही. तेवीस वर्षं आमचं असंच चाललं होतं आणि छान चाललं होतं.

पण या कामावर बरंच काही अडलं होतं. कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं, रायपूरचा टूर चालला तर राजिम, सिरपूर, रतनपूर सगळं शर्मिष्ठेकडे, घरी बसून करायचं. नाही चालला तर एक जूनला पुण्याला या आणि ऑफिसात बसून दुसऱ्यांचे टूर तपासा. पोरीला जायचं नव्हतं. आम्हाला तर तिला मुळीच पाठवायचं नव्हतं. इंदूने ते तोंडाने सांगितलं नाही, फक्त महामाया देवीला एका साडीचा नवस बोलली आणि मला बजावलं की निदान या वेळी तरी नीट बोला.

"यहाँ मुझे रास्ता नहीं पूछना पड़ता," शर्मिष्ठा एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती. मला ते वाक्य फार आवडलं होतं. माझी पोरगी, दुसरं काय म्हणणार.

कामाची वाटणी सरळ झाली. इतिहास तिने लिहायचा, वाटा मी सांगायच्या. आता आम्ही शंकर नगरात राहतो, पण माझा जन्म जुन्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आमच्या घरमालकाच्या मुलाला अचानक तिथे शोरूम काढायची स्वप्नं पडायला लागली, तेव्हा आम्ही बाडबिस्तरा उचलला. शर्मिष्ठा तेव्हा सहा वर्षांची होती. पण पुरानी बस्ती ते ब्राह्मणपारा ही वाट मी डोळ्यांवर फडकं बांधून चालून दाखवीन, असं मी कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं. त्याने त्याची गरज नाही म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंग आमच्या कपाटात झालं. आवाज घुमू नये म्हणून कपाटाला आतून गोधड्या, पंखा बंद, महिना एप्रिल. रायपूरचा एप्रिल ज्यांनी बघितला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी बनियनवर आत बसलो होतो आणि शर्मिष्ठा फटीतून कागद देत होती. पहिल्याच कागदावर कंपनीचं वाक्य होतं, 'आपण आता इतिहासाच्या उंबरठ्यावर उभे आहोत.' मी ते वाचलं आणि पुढे माझं जोडलं, "उंबरठ्यावर उभं राहू नये, एक तर आत या नाही तर बाहेर जा." पोरगी हसली आणि तिने ते तसंच ठेवलं. नंतरचं सगळं मी मनाने सांगत गेलो. कुठून वळायचं, कुठे जपून चालायचं, कुठल्या ओट्यावर बसलं तर कुणी उठवत नाही.

मग आम्ही ते तपासलं. शर्मिष्ठा तीनदा चालली, मी एकदा चाललो. कानात माझाच आवाज, पायाखाली माझीच गल्ली. कुठे तसूभर चूक नव्हती. मी घरी येऊन इंदूला सांगितलं की साडी आत्ताच आणून ठेव.

मेच्या पहिल्या आठवड्यात कंपनीची बाई टूर तपासायला आली. राधिका तिचं नाव, तिशीची, पांढरे बूट, बोलणं गोड आणि सगळं 'ळ'सकट स्वच्छ. तिने आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरे खाल्ले, दोनदा घेतले, आणि परीक्षेचा नियम सांगितला. ती एकटी चालणार, सव्वा तासात शेवटच्या ठिकाणी पोचणार. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. घरच्यांनी तर फिरकायचंच नाही. शर्मिष्ठेने मान हलवली. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पेन्शनरांच्या सभेला म्हणून निघालो. पेन्शनरांच्या सभा सातला नसतात हे इंदूला माहीत आहे. ती म्हणाली, "गमछा घेऊन जा, तोंड झाकाले लागन."

तोंड झाकून मी महामायेच्या देवळाबाहेर नारळवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. राधिका आली, कानात बोंडं घातली, चालू लागली. मी पन्नास पावलं मागे. देऊळ झालं. मठ झाला. उंबरठ्याच्या वाक्याला ती हसली, ते मी बघितलं, आणि खरं सांगतो, निवृत्त झाल्याच्या दिवशी साहेबाने हार घातला होता तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं. चाळीस मिनिटं ती मी सांगेन तिथे थांबत होती, मी सांगेन तिकडे बघत होती. घरात इतकं कुणी माझं कधी ऐकलेलं नाही.

मग ती लांब गल्लीत शिरली. इथे मी काय म्हणतो ते मला पाठ होतं. 'सरळ चालत या. दयारामचं दुधाचं दुकान आलं की डावीकडे वळा. दुकान चुकणार नाही, बाहेर मोठी कढई असते.'

ती सरळ चालत गेली. दुकान मागे टाकून पुढे गेली. थांबली. परत आली. मोबाइल बघितला, मला पुन्हा ऐकलं, पुन्हा पुढे गेली. त्या गल्लीला डावीकडे तीन फाटे आहेत. ती प्रत्येकाच्या तोंडाशी जाऊन आत डोकावली आणि परत फिरली. मी एका उभ्या जीपच्या मागे दात खात होतो. एवढी शिकलेली बाई, डोळ्यांसमोरचं दुकान दिसू नये? फुटले काय डोळे? एवढी परातीएवढी कढई, आणि हिला...

म्हणून मी कढईकडे बघितलं. कढई नव्हती.

तिथे मोबाइलच्या पाठी लावायचे प्लास्टिकचे कव्हर टांगलेले होते. वरपासून खालपर्यंत, फुलांचे, वाघांचे, देवांचे, चकाकणारे. एक माणूस स्टुलावर बसून त्यांच्यावरची धूळ झटकत होता. दयाराम नव्हता. दयाराम कसा असेल, त्याच्या तेराव्याला मी जेवलो होतो, बुंदी तीनदा वाढून घेतली होती. ते साल होतं त्र्याण्णव. त्यानंतर त्याच्या पोरांनी दुकान विकलं, तिथे शिलाई मशीनवाला आला, मग सीडीवाला, मग हा. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी दोन आठवड्यांपूर्वी मी कानात बोंडं घालून याच जागेवरून गेलो होतो, दयारामचं दुकान आलं म्हणून डावीकडे वळलो होतो, आणि एकही कव्हर मला दिसलं नव्हतं.

आमच्याकडे वाट अशीच सांगतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रिक्षावाला विचारतो, कुठे जायचं, आपण सांगतो, जुन्या टॉकीजपाशी, आणि तो नेतो, टॉकीज पाडून बारा वर्षं झाली तरी. राजधानी झाल्यापासून सरकार रोज काहीतरी पाडतं, काहीतरी उभं करतं. सगळं लक्षात कोण ठेवणार? जे आधी होतं ते धरून चालायचं.

जीपमागे उभ्या उभ्या मी पुढची वाट मनात चालून बघितली आणि मला दरदरून घाम फुटला. पुढे होता यशवंतरावांच्या दारचा कडुलिंब. तो रस्ता रुंद करताना गेला. त्यापुढे पिवळ्या भिंतीचं घर. ते आता हिरवं होतं, त्याआधी गुलाबी. त्यापुढे लाल टपालपेटी. टपालपेटीचं तर मला आठवेचना ती शेवटची कधी बघितली. दयारामच्या अलीकडे देवळं होती, ती हलत नाहीत. पलीकडे सगळं मी हवेत बांधलं होतं.

घड्याळात वीस मिनिटं उरली होती. राधिका कव्हरवाल्याच्या समोर उभी होती, चेहरा रडवेला नाही पण थकलेला. नियम मला माहीत होता. पण माझी एकुलती एक पोरगी त्या तीन फाट्यांपैकी एकाच फाट्याने घरी राहणार होती, दुसऱ्या दोनांतून सरळ पुण्याला जायची. मी गमछा नाकावर ओढला, वाटसरूसारखा चालत गेलो, आणि तिच्याकडे न बघता हिंदीत फेकलं, "मैडम, यहाँ से बाएँ।"

ती गर्रकन वळली. एका कानातलं बोंड काढलं, दुसऱ्या कानात राहू दिलं. माझ्या गमछ्याकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "आत्ता कानातही तुम्ही हेच सांगितलंत."

पस्तीस वर्षं ओरडून कमावलेला आवाज लपवायला गमछा पुरत नाही. मी तोंड उघडं केलं. आता रागावेल, आता पुण्याला फोन लावेल, असं वाटलं. ती हसत सुटली. कव्हरवाला काही न समजता तोही हसला. मग तिने विचारलं, दुकान कुठे आहे. मी बोट दाखवलं आणि दयाराम, कढई, तेरावं, बुंदी, सगळं सांगितलं. कव्हरवाल्याला आपण दुधाच्या दुकानात बसलो आहोत हे ठाऊक होतं. तो म्हणाला, अजूनही महिन्यातून एखादी म्हातारी भांडं घेऊन येते, मी तिला डेअरीचा पत्ता सांगतो.

पुढचा टूर आम्ही दोघांनी केला. नियम मोडलाच होता, तो जोडायला कोण येणार. यशवंतराव दारातच दात घासत उभे होते, त्यांनी कडुलिंब कुठे होता ते दाखवलं. मी म्हटलं दोन हात अलीकडे, त्यांनी मला मूर्ख म्हटलं, आणि झाडाच्या नसण्यावरून आमचं पंधरा मिनिटं भांडण झालं. हिरव्या झालेल्या पिवळ्या घरातून विनोदिनीबाई बाहेर आल्या, एवढ्या उन्हात पोरीला काहून फिरवून राहिला म्हणून मला झापलं, आणि तिला ओट्यावर बसवून ताक दिलं. राधिकेने दुसऱ्या कानातलं बोंड कधी काढलं ते मला कळलं नाही. सव्वा तासाचे पावणेतीन झाले. शेवटच्या ठिकाणी, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरासमोर, म्हणजे आताच्या शोरूमसमोर, ती म्हणाली की चाळीस गावं केली, पण एकाही गावात तिला कुणी ताक दिलं नव्हतं.

मला वाटलं, जमलं. मी विचारलं, "मग पास न?"

तिने बूट बघितले. ते आता पांढरे नव्हते. "काका, इतका सुंदर टूर मी आजवर केला नाही," ती म्हणाली. "फक्त तो तुमच्याशिवाय चालत नाही. आणि प्रत्येकामागे गमछा बांधून तुम्हाला पाठवता येणार नाही."

खोटं बोलली असती तर मी तिला जन्मभर दुवा दिला असता. पण ती खरं बोलली, आणि मला तेही आवडलं, याचा मला फार राग आला.

घरी शर्मिष्ठा दारात उभी होती. तिला फोन आधीच आला होता. मी चपला काढल्या आणि सरळ सांगून टाकलं, मागे गेलो, मधे बोललो, पकडला गेलो. तिने ते बाजूला ठेवलं. तिला वेगळंच कळत नव्हतं.

"पर वो अटकी कहाँ?"

"दयारामच्या दुकानापाशी."

"वहाँ कैसे अटक गई? दुकान तो सामने ही है।"

इंदू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तिथं मोबाइलचे कव्हर विकतेत, बेटा," मी म्हटलं.

"कब से?"

"दयाराम गेला तेव्हा तू व्हायची होती. दोन वर्षं होती अजून."

शर्मिष्ठा खाली बसली. ती तीनदा चालली होती. तीनही वेळा दयारामच्या दुकानापासून डावीकडे वळली होती, आणि ते दुकान तिने आयुष्यात एकदाही बघितलेलं नव्हतं. मग तिलाच आठवलं. लहानपणी मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचो, आणि त्या वळणावर दर वेळी सांगायचो, दयाराम आला, घट्ट धर. ती हँडल धरायची आणि डावीकडे कलायची. तिने दुकान कधी बघितलंच नाही, ती फक्त कलली होती.

"मले वाटे या माणसानं पोरीले काहीच देलं नाही," इंदू म्हणाली. "पाहा आता."

ती हे टोमण्यात म्हणाली की नाही हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

आम्ही एका दिवसात सगळं पुन्हा रेकॉर्ड करायला तयार होतो. कव्हरचं दुकान, हिरवं घर, सगळं जसं आहे तसं. मी तर म्हटलं, हव, वाघाच्या कव्हरपासून डावीकडे असंही म्हणतो. राधिकेने ऑफिसात आमच्या बाजूने बोलून बघितलं, तिला मी दोष देणार नाही. पण वरच्यांनी रायपूर बंद केलं. त्यांचं म्हणणं, सहा महिन्यांनी तिथे कव्हरवालाही नसेल. हे मात्र त्यांना पुण्यात बसून बरोबर कळलं होतं.

एक तारखेला तिथे पोचायचं म्हणून शर्मिष्ठा मेअखेरीस गेली. पस्तीस वर्षं मी मालगाड्या सोडल्या, एकीकडेही ढुंकून बघितलं नाही. तिची गाडी सुटली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर रडलो, आणि माझं रडणंही माझ्या आवाजातच असल्यामुळे दोन हमाल धावत आले. इंदूने त्यांना सांगितलं की काही नाही, यांची पोरगी पुण्याला चालली. साडी तिने महामायेला नेसवली ती नेसवलीच. म्हणाली, देवीने तर कुठे चूक केली.

सप्टेंबरात आम्ही दोघं पुण्याला गेलो. शर्मिष्ठेला सुट्टी नव्हती, तिने स्टेशनवरून रिक्षा करून या म्हणून सांगितलं आणि वाट मोबाइलवर बोलून पाठवली. मी ती रिक्षावाल्याला मोठ्याने ऐकवली. सिग्नलनंतर सरळ या, शाळेची भिंत लागेल, आणि मग: "जहाँ पान की टपरी थी ना, वहाँ से लेफ्ट। पिछले हफ्ते हटा दी, पर आपको दिख जाएगी।"

रिक्षावाला म्हणाला, अहो, जी नाही ती कशी दिसणार? मी म्हटलं, तू चालव.

शाळेची भिंत लागली. लांबच लांब भिंत, तिच्यासमोर डावीकडे तीन गल्ल्या. रिक्षावाला प्रत्येकीशी हळू होत होता आणि माझ्याकडे बघत होता. इंदूने माझा दंड धरला. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी भिंत कमरेच्या उंचीवर लालभडक झाली होती, वर्षानुवर्षांच्या पिचकाऱ्या, आणि खाली जमिनीवर टपरीएवढा एक चौकोन स्वच्छ राहिला होता.

पोरीला या गावात येऊन चार महिनेही झाले नव्हते.

"इथे काही नाही, काका," रिक्षावाला म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "डावीकडे घे."